समुपदेशनात ‘उपदेश’ नसतो, मग असतं काय? इच्छापोर-हजिरा पट्ट्यातल्या मराठी घरांसाठी

इच्छापोर (सुरत) : अडाजण, पाल मागे टाकून हजिऱ्याच्या रस्त्याला लागलं की इच्छापोर येतं. इथे जेम अँड ज्वेलरी पार्क आहे आणि पुढे हजिऱ्यापर्यंत पोलाद, खत, गॅस, इंजिनिअरिंगचे मोठमोठे प्रकल्प. या भागातली घरं घड्याळावर कमी आणि पाळीवर जास्त चालतात. सुरतेतली जुनी मराठी वस्ती उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या अंगाला, म्हणजे तापीच्या पलीकडे. त्यामुळे इच्छापोरकडे खोली घेऊन राहणारं खानदेशी कुटुंब तसं एकटंच पडतं. शेजारी उत्तर प्रदेशचा, वरच्या मजल्यावर ओडिशाचा, घरमालक गुजराती. नवरा-बायकोत वाजलं तर मध्ये पडायला ना काकू, ना मामा.

आणि वाजतं कशावरून? बहुतेक वेळा पाळी, पैसा आणि फोन या तीन गोष्टींवरून. रात्रपाळी करून नवरा सकाळी येतो आणि झोपतो. बायको दिवसभर पोराला ‘आवाज करू नको, पप्पा झोपलेत’ असं बजावत एकाच खोलीत वावरते. संध्याकाळी तो उठतो तेव्हा तिचं बोलायचं साचलेलं असतं आणि त्याला डबा घेऊन निघायचं असतं. पगारातून गावी किती पाठवायचे, धाकट्या भावाच्या लग्नाला किती, भिशी कोणाच्या नावावर, यावर बोलणं निघालं की आवाज चढतो. मग तिचा फोन माहेरी, त्याचा फोन गावी. अर्ध्या तासात दोन गावांना खबर. प्रकरण वाढलं तर आठ दिवसांनी तापी लाइनच्या गाडीने चार जाणती माणसं सुरतला उतरतात आणि बैठक बसते.

ही पद्धत टाकाऊ आहे असं कोणी म्हणू नये. मोठ्यांच्या शब्दाला वजन असतं आणि कित्येक संसार अशा बैठकीनंतर सावरले आहेत. पण बैठकीत निकाल लागतो. कोण चुकलं ते ठरतं, कोणी माफी मागायची ते ठरतं, सून बहुधा मान खाली घालून बसलेली असते आणि जावई ‘हो हो’ म्हणून मोकळा होतो. मंडळी परतीच्या गाडीत बसली की पाळी, पैसा, फोन जागच्या जागी असतात.

या बैठकीला आता एक पर्याय हळूहळू माहीत होऊ लागला आहे, तो म्हणजे समुपदेशकाकडे जाणं. सुरत शहरात प्रत्यक्ष जाता येतं, आणि पुण्या-ठाण्याच्या मराठी समुपदेशकाशी फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवरही बोलता येतं. अडचण अशी, की या शब्दातच ‘उपदेश’ बसलेला आहे. त्यामुळे पहिला प्रश्न ठरलेला : उपदेश तर घरबसल्या फुकट मिळतो, त्यासाठी पैसे कोण देणार?

चांगल्या समुपदेशकाच्या खोलीत उपदेश जवळपास नसतोच. तिथे जे होतं त्याला ‘बरोबरीने केलेलं काम’ म्हणता येईल. समोरची व्यक्ती आपुलकीने वागते, पण ती आपुलकी म्हणजे गोड बोलणं नाही. आणि ती निर्णय देत नाही, याचा अर्थ ती काहीच करत नाही असाही नाही. इथेच बहुतेकांची गल्लत होते, म्हणून हे जरा सविस्तर बघू.

दारापर्यंत गेलेली आई

ही पद्धत ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स (1902–1987). सुरुवातीच्या काळात ते रॉचेस्टर शहरात मुलांच्या समस्यांवर काम करायचे. तिथला एक अनुभव त्यांनी 1961 च्या आपल्या पुस्तकात सांगितला आहे. एका अतिशय खोडकर मुलाची आई त्यांच्याकडे यायची. मुलाच्या वागण्याचं मूळ आईनेच लहानपणी त्याला दूर लोटण्यात आहे, असं रॉजर्स यांचं निदान होतं. अनेक बैठकींत त्यांनी तिला ते हळूच, समजुतीने पटवून द्यायचा प्रयत्न केला. काही उपयोग झाला नाही. शेवटी त्यांनी हात टेकले, आणि दोघांनी थांबायचं ठरवलं. बाई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि मागे वळून विचारलं, की इथे मोठ्या माणसांचं पण ऐकून घेता का?

त्या परत येऊन बसल्या आणि स्वतःच्या संसाराबद्दल, नवऱ्याशी बिनसलेल्या नात्याबद्दल बोलू लागल्या. आधीच्या व्यवस्थित सांगितलेल्या ‘केस’मध्ये यातलं काहीच नव्हतं. पुढे तिचं नवऱ्याशी नातं सुधारलं आणि मुलाचं वागणंही निवळत गेलं. यातून रॉजर्स यांनी जो धडा घेतला तो साधा आहे : कुठे दुखतंय, कोणत्या दिशेने जायचं, काय दडवून ठेवलंय हे त्या माणसालाच माहीत असतं. डॉक्टरने हुशारी दाखवण्यापेक्षा त्याच्या मागोमाग जावं.

1957 मध्ये त्यांनी एका लेखात समुपदेशकाकडे काय असायला हवं ते मांडलं. समोरच्याचं जग त्याच्या बाजूने समजून घेणं, त्याला अट न घालता स्वीकारणं, आणि स्वतः खोटं न वागणं. तिसरी गोष्ट आपल्याकडे कमी सांगितली जाते. समुपदेशकाला एखादी गोष्ट कळली नाही तर ‘कळलं’ म्हणून मान हलवायची नसते. ‘हे मला नीट समजलं नाही, पुन्हा सांगा’ असं म्हणायचं असतं.

पण नुसत्या आपुलकीने काम होत नाही, हेही लवकरच लक्षात आलं. एडवर्ड बॉर्डिन या मानसशास्त्रज्ञाने 1979 मध्ये समुपदेशक आणि येणारा माणूस यांच्या नात्याचे तीन भाग सांगितले : कुठे पोचायचं यावर दोघांचं एकमत, त्यासाठी काय काय करायचं यावर एकमत, आणि दोघांमधला विश्वास. त्यानंतर यावर जगभर भरपूर संशोधन झालं. पद्धत कोणतीही असो, हे नातं नीट जमलं असेल तर गुण येण्याची शक्यता वाढते, असं त्यातून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर ही भागीदारी आहे. भांडवल दोघांचं लागतं. एकट्या समुपदेशकाच्या मेहनतीवर दुकान चालत नाही.

खोलीत नेमकं काय होतं?

एक बैठक साधारण पाऊण ते एक तासाची. समजा, वर सांगितलेलं रात्रपाळीचं जोडपं गेलं. पहिल्याच बैठकीत समुपदेशक ‘काय झालं’ यापेक्षा ‘काय वेगळं व्हायला हवं आहे’ हे दोघांना विचारेल. तो म्हणेल, ‘घरात शांतता पाहिजे.’ ती म्हणेल, ‘यांनी माझ्याशी बोललं पाहिजे.’ दोन्ही उत्तरं ऐकायला सोपी वाटतात, पण ती एकमेकांच्या उलट आहेत. त्याला शांतता म्हणजे बोलणं बंद, तिला शांतता म्हणजे बोलणं सुरू. पहिला तास बहुतेकदा इतकं उमजण्यातच जातो. मग दोघांना चालेल असं एक उद्दिष्ट कागदावर येतं : ‘भांडण न होता आठवड्यातून दोनदा अर्धा तास बोलणं.’ एवढंच. संसार सुधारणं वगैरे मोठे शब्द चांगले समुपदेशक टाळतात.

त्यानंतर अनेक समुपदेशक दोघांना एकेकटं भेटतात. त्याआधी एक नियम स्पष्ट केला जातो : एकट्याने सांगितलेलं दुसऱ्याला सांगितलं जाईल की नाही. हा नियम पहिल्याच दिवशी विचारून घ्यावा. नाहीतर ‘तुमच्याकडे सांगितलं आणि ते तिला कळलं’ अशी नवीच फिर्याद तयार होते.

पुढच्या बैठकींत भांडणाची चाल तपासली जाते. ती बोलायला जाते, तो गप्प बसतो. तो गप्प म्हणून ती आवाज वाढवते, आवाज वाढला म्हणून तो बाहेर निघून जातो. तो बाहेर गेला म्हणून तिचा फोन माहेरी. दोघांनाही वाटतं सुरुवात समोरच्याने केली. कॅनडात काम केलेल्या स्यू जॉन्सन यांनी 1980 च्या दशकात लेस्ली ग्रीनबर्ग यांच्यासोबत जोडप्यांसाठी जी पद्धत उभी केली, तिचा गाभाच हा आहे. नवरा शत्रू नाही, बायको शत्रू नाही, हे चक्र दोघांचा शत्रू आहे. एकदा ते चक्र दोघांना मिळून दिसलं की ‘बघ, सुरू झालं’ असं कोणीतरी म्हणू शकतं. चक्राच्या खाली काय आहे तेही हळूहळू वर येतं. तिच्या ओरडण्याखाली ‘या परक्या गावात मला तुमच्याशिवाय कोणी नाही’ ही भीती असू शकते. त्याच्या गप्प बसण्याखाली ‘कितीही केलं तरी कमीच पडतो’ ही लाज. बैठकीतल्या चार पंचांसमोर या दोन वाक्यांपैकी एकही कधी उच्चारलं जाणार नाही.

घरी करायला कामही दिलं जातं. एक बोलेल, दुसरा मध्ये न तोडता ऐकेल, आणि उत्तर देण्याआधी ‘तू असं म्हणालीस ना?’ म्हणून ऐकलेलं परत सांगेल. करून बघितल्याशिवाय हे किती अवघड आहे ते कळत नाही. पैशाचा वाद असेल तर महिनाभर एक वही ठेवायची : गावी किती गेले, घरात किती, कोणी ठरवलं. खर्चाचा आकडा कळून जितकं भांडण मिटतं त्यापेक्षा ‘कोणी ठरवलं’ या रकान्याने जास्त मिटतं. अमेरिकेत जोडप्यांची बोलणी वर्षानुवर्षं टिपून अभ्यासणाऱ्या जॉन गॉटमन यांचा एक हिशेब प्रसिद्ध आहे. टिकणाऱ्या जोडप्यांत वाद चालू असतानासुद्धा एका कडू गोष्टीमागे साधारण पाच बऱ्या गोष्टी असतात, म्हणजे एखादा विनोद, होकार, हात धरणं. जमाखर्च पाचास एक. भांडण शून्य असावं, असं गॉटमनही म्हणत नाहीत.

बैठकीच्या शेवटी चांगला समुपदेशक एक प्रश्न हमखास विचारतो : ‘आज काही राहिलं का? माझ्याकडून काही चुकीचं समजलं गेलं का?’ आपल्याकडे डॉक्टरला किंवा साहेबाला ‘तुमचं चुकलं’ म्हणायची सवय नाही, त्यामुळे लोक ‘नाही, सगळं बरोबर’ म्हणून उठतात आणि पुन्हा येत नाहीत. खरं तर तिथेच सांगायचं असतं. ‘मॅडम, तुम्ही त्यांचंच जास्त ऐकता असं वाटलं,’ हे वाक्य ऐकून समुपदेशक रागावला, तर तो बदललेला बरा.

एकट्या माणसाचं काय?

हे फक्त जोडप्यांपुरतं नाही. इच्छापोरच्या आसपास हिऱ्याचा व्यवसाय आहे, आणि तिथे गेली काही वर्षं मंदीचे दिवस निघाले. सुरतेत रत्नकलाकारांच्या आत्महत्या वाढू लागल्यावर 2024 मध्ये डायमंड वर्कर्स युनियनला स्वतःची हेल्पलाइन सुरू करावी लागली. या कारागिरांत सौराष्ट्रातले जास्त असले तरी काम कमी झाल्यावर येणारे विचार भाषा बघून येत नाहीत.

समजा, काम निम्म्यावर आलेला एखादा कारागीर म्हणतो, ‘मी घराला ओझं झालोय.’ घरचे लगेच म्हणतात, ‘असं काय बोलता, असले विचारच करू नका.’ प्रेमाने म्हणतात, पण दार बंद होतं. समुपदेशक दार उघडं ठेवतो. हा विचार कधी येतो? आला की तुम्ही काय करता? जीव द्यावासा वाटतो का, हेही तो सरळ विचारतो. असं विचारल्याने डोक्यात नसलेलं खूळ भरतं, हा समज चुकीचा आहे. उलट बोलायला वाट मिळते. मग ‘ओझं’ हा विचार दोघं मिळून तपासतात, एखादं बिल तपासावं तसा. बाजूने पुरावा काय, विरुद्ध काय? गेल्या महिन्यात मुलीला दवाखान्यात कोणी नेलं? अॅरन बेक यांनी 1960 च्या दशकापासून उभ्या केलेल्या उपचारपद्धतीत या मिळून केलेल्या तपासाला फार महत्त्व आहे. ‘तुझा विचार चूक आहे’ असं डॉक्टर सांगत नाही. निष्कर्ष त्या माणसाने स्वतः काढायचा.

मराठी माणसाला यातलं काही अगदी नवीन नाही. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत रुजवली ती डॉ. कि. मो. फडके यांनी. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ सुरू केलं. त्यांची पुस्तकं आणि यूट्यूबवरची ‘आवाहन’ वाहिनी यांच्यामुळे मनाच्या आजाराबद्दल घराघरात मराठीत बोलता येऊ लागलं. त्याहीआधी, 1921 मध्ये, र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला द्यायला केंद्र काढलं आणि 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून नवरा-बायकोच्या खासगी प्रश्नांना उघड उत्तरं दिली. कर्वे काही मृदू बोलण्याबद्दल प्रसिद्ध नव्हते. पण ‘विचारायला लाज कसली’ ही वाट त्यांनीच पाडली.

कुटुंबाला सोबत घेऊन काम करण्याचं सगळ्यात जवळचं उदाहरण पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचं. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने 1986 मध्ये ते उभं केलं. व्यसनी माणसाला गुन्हेगार न समजता आपला माणूस म्हणून वागवायचं, हे तिथलं सूत्र. पण तिथे बायकांसाठी वेगळा ‘सहचरी’ गट आहे, ही गोष्ट जास्त महत्त्वाची. दारू नवरा पितो, तरी वर्षानुवर्षं खोटं बोलून त्याला सांभाळणारी, उधारी फेडणारी, पोरांपासून लपवणारी बायकोही आतून मोडलेली असते. तिला स्वतःसाठी बोलायला जागा लागते, ‘नवऱ्याला कसं सुधारू’ यासाठी नाही. गुजरातेत 1960 पासून दारूबंदी आहे, म्हणून हा प्रश्न इकडे नाही असं म्हणायचं धाडस इच्छापोरकडे राहणारी एकही बाई करणार नाही.

मारहाण असेल तिथे ‘दोघांचं चुकतं’ चालत नाही

वर सांगितलेलं चक्र, भागीदारी, दोघांनी मिळून बोलणं, या सगळ्याला एक कडक अपवाद आहे. घरात मारहाण, धमकी, कोंडून ठेवणं, पैसे आणि फोन काढून घेणं चालू असेल तर दोघांना एकत्र बसवून समुपदेशन करणं धोक्याचं ठरू शकतं. तिने खोलीत खरं सांगितलं तर घरी गेल्यावर त्याची किंमत तिलाच मोजावी लागते. म्हणून जाणकार समुपदेशक पहिल्या काही बैठकींत दोघांना वेगळं भेटतोच आणि तिला थेट विचारतो, ‘घरी जायला भीती वाटते का?’

कायदाही इथे स्पष्ट आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 14 नुसार न्यायदंडाधिकारी समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात, एकेकट्याला किंवा दोघांना. पण 2006 च्या नियमांत लिहिलंय, की त्या समुपदेशनात हिंसेचं कोणतंही समर्थन करता येणार नाही, आणि हे त्याला सुरुवातीलाच सांगायचं. ‘तिने उलट उत्तर दिलं म्हणून हात उठला’ हे वाक्य तिथे ऐकूनच घ्यायचं नाही. आपल्याकडच्या किती बैठका नेमक्या याच वाक्यापासून सुरू होतात, ते वाचकांना सांगायला नको.

सीमेच्या दोन्ही बाजूंच्या वाचकांनी आणखी एक लक्षात ठेवावं. याच कायद्याच्या कलम 27 प्रमाणे बाई कायमची किंवा तात्पुरती जिथे राहते तिथल्या न्यायालयात अर्ज करता येतो. म्हणजे इच्छापोरला त्रास झाला आणि ती शहाद्याला किंवा नवापूरला माहेरी आली, तर दाद मागायला पुन्हा सुरतच्या फेऱ्या मारायची सक्ती नाही. तातडीची मदत हवी असेल तर गुजरातेत 181 ‘अभयम’ हा क्रमांक आहे. फोन केल्यावर गाडी येते, तिच्यात समुपदेशक आणि महिला पोलीस असतात. महाराष्ट्रात पोलिसांसोबत काम करणारे महिला व बालकांसाठीचे विशेष कक्ष आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईत 1984 मध्ये असा पहिला कक्ष सुरू केला.

कोणत्या भाषेत रडायचं?

सुरतेत जन्मलेली मराठी पोरं गुजराती सफाईने बोलतात. कंपनीत हिंदी, दुकानात गुजराती, घरात मराठी किंवा अहिराणी. पण मनातलं बोलायची वेळ आली की भाषा अडते. ‘मन लागत नही’ हे अहिराणी वाक्य हिंदीत ‘मन नहीं लगता’ म्हणून सहज सांगता येतं. पण ‘जीव घाबरा होतो’, ‘छातीत कालवतं’, ‘डोक्यात भुंगा’ याचं काय करणार? हिंदीत किंवा इंग्रजीत सांगताना माणूस तेवढंच सांगतो जेवढे शब्द आहेत. बाकीचं गिळतो. बरेचदा मनाचं दुखणं अंगदुखी, पित्त, डोकेदुखी बनून आधी साध्या दवाखान्यात पोचतं आणि तपासण्यांवर खर्च होतो तो वेगळाच.

म्हणून पहिल्या फोनवर भाषा विचारायला संकोच करू नये. ‘मराठीत बोलता येईल का?’ हा प्रश्न फीच्या आधी विचारला तरी चालेल. सरकारची मोफत ‘टेलि-मानस’ सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, क्रमांक 14416. दिवस-रात्र कधीही फोन करता येतो आणि भाषा निवडता येते, मराठी आणि गुजराती दोन्ही. रात्रपाळीच्या माणसाला हे सोयीचं आहे.

कोणाकडे जावं, कोणाकडे नको

आपल्या देशात ‘समुपदेशक’ अशी पाटी लावणं अजून फार सोपं आहे. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचार शिकलेला डॉक्टर, तो औषध देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समुपदेशकांसाठी बहुधा मानसशास्त्रातली किंवा समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी बघावी, आणि प्रत्यक्ष जोडप्यांसोबत काम करायचं शिक्षण कुठे घेतलं तेही विचारावं. समुपदेशकांना नोंदणीच्या चौकटीत आणणारा केंद्राचा कायदा 2021 मध्ये झाला आहे. तोवर चौकशी आपणच करायची.

‘तीन बैठकीत घटस्फोट टाळतो’, ‘गॅरंटी’, ‘नवरा मुठीत’ असं कोणी म्हणालं तर उठून यावं. समुपदेशनाचा हेतू संसार कोणत्याही किमतीत टिकवणं हा नसतो. काही जोडपी नीट बोलून, मुलांचं ठरवून, शांतपणे वेगळी होतात, आणि तेही यशच धरलं जातं. कोर्टात गेलं तरी कौटुंबिक न्यायालयांच्या 1984 च्या कायद्यात आधी समेटाचा प्रयत्न करायची जबाबदारी न्यायालयावर टाकली आहे आणि समुपदेशकांची तरतूदही आहे.

गुपिताचंही विचारून घ्यावं. खोलीतलं बाहेर जात नाही, हा नियम. अपवाद मोजके : जिवाला धोका असेल तर, आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर, कारण 2012 च्या पोक्सो कायद्याने ती माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. चांगला समुपदेशक हे अपवाद पहिल्याच दिवशी सांगतो. नात्यातल्या किंवा ओळखीच्या माणसाने ‘काय म्हणाली ती?’ म्हणून फोन केला, तर त्याला उत्तर मिळत नाही. भाऊबंदकीला हे अपमानासारखं वाटतं, हे खरं.

बोलण्याने सगळंच बरं होतं असंही नाही. झोप पूर्ण उडाली, कानात आवाज येतात, कोणीतरी मारायला टपलंय असा पक्का संशय आहे, खाणंपिणं सुटलं, तर आधी मनोविकारतज्ज्ञ. सुरतेत न्यू सिव्हिल आणि महापालिकेच्या स्मीमेर रुग्णालयात हा विभाग आहे. सीमेअलीकडे धुळे, जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही उपचार मिळतात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात, विमा कंपन्यांनी मनाच्या आजारांना शरीराच्या आजारांसारखंच संरक्षण द्यायचं आहे. कंपनीचा आरोग्य विमा असलेल्या हजिऱ्याच्या कामगाराने एचआरकडे याची चौकशी करावी. मोठ्या कंपन्यांत कामगारांसाठी समुपदेशनाची सोयही असते, आणि ती आहे हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. कंत्राटी कामगाराला ती लागू आहे का, ते ठेकेदाराला न विचारता थेट कंपनीत विचारावं.

नवरा यायला तयार नसेल तर? हा प्रश्न सगळ्यात जास्त बायकांचा असतो. एकटीने जाता येतं. चक्रात दोघं असले तरी एकाने पावलं बदलली की चाल बदलते, आणि पुष्कळदा दोन-तीन बैठकींनंतर ‘तिथं काय बोलता ते बघू तरी’ म्हणत दुसराही येतो. पाळीचा दिवस आणि बैठकीची वेळ जमत नाही ही खरी अडचण आहे, त्यामुळे वेळ घेतानाच महिन्याचं पाळीपत्रक समोर ठेवावं आणि रात्रपाळीनंतरची सकाळ टाळावी. झोपेत असलेल्या माणसाशी संसाराबद्दल बोलून काही हाती लागत नाही.